कणगीचा तळ

"ते भगदाड बुजवल्याशिवाय आज खुर्चीवरून उठायचं नाही, नूतन."

गंगाधरकाकांचं सकाळचं बोलणं नूतनच्या कानातून जात नव्हतं. आता तर ते स्वतःच तिच्या पाठीशी येऊन उभे होते.

भोरच्या त्यांच्या संस्थेचं काम एवढंच, की सापाच्या विषावरची लस कुठल्या दवाखान्यात शिल्लक आहे ते मोबाईलवर दाखवायचं. भातलावणीत वेल्ह्याकडचे लोक ते पान बघूनच जीप कुठं पळवायची ते ठरवत.

आपण नाव टाकलं की कुठल्या यंत्राकडे जायचं, त्याचा पत्ता सांगणारी व्यवस्था सर्व्हरवर असते. खोट नेमकी तिथंच निघाली होती. त्या वाटेनं शिरून कुणीतरी पत्ताच फिरवला होता. लोक नाव संस्थेचंच टाकत आणि उघडे भलतंच पान. दिसायला हुबेहूब. फक्त संस्थेच्या वेल्ह्यातल्या दवाखान्यासमोर लिहिलेलं असे, 'लस नाही. नसरापूरला जा.'

"आपल्या पानावर तिथं एक बाटली आहे," काका म्हणाले. "आणि हा हलकट विष चढलेल्या माणसांना घाटवाटेनं फिरवतोय. वेल्ह्याचा चिमाजी साप चावून गेला तो ह्याच्याच पापानं."

नूतनची बोटं कळफलकावर चालतच होती.

तो 'एक' काकांचा होता. कणगीचा तळ कधी झाडू नये, शेवटची मूठ राहू द्यावी, नाहीतर लक्ष्मी उठून जाते. तसंच कपाट रिकामं झालं तरी पानावर शून्य येऊ द्यायचं नाही, असा त्यांचा नेम. नूतननं पूर्वी एकदा हळूच अडवून पाहिलं होतं, तेव्हा ते हसले होते. एवढी व्रतवैकल्यं करणारी तू, आणि मला अभद्र लिहायला सांगतेस होय? आकडे त्यांच्या हाती होते, यंत्र तेवढं तिच्या.

दुपारपर्यंत तिनं दुरुस्ती पुरी केली. काकांनी आपल्या मोबाईलवर पान उघडून पाहिलं. वेल्हे, एक. त्यांनी समाधानानं देवाच्या तसबिरीला हात जोडले.

"माग लागला की त्याला पोलिसांतच देतो."

"द्या," नूतन म्हणाली.

घरी जेवायला येत नाही असं कळवून ती एसटी स्टँडवर आली. नसरापूरवरून वेल्ह्याला जाणारी गाडी लागलेली होती. चढण्याआधी तिनं चिमाजीच्या बायकोला, धोंडाबाईला फोन लावला. मी येतेय, आजपासून वेल्ह्याच्या दवाखान्याच्या फाटकाशीच बसेन, म्हणाली.

धोंडाबाई गोंधळली. "अगं, रिकाम्या कपाटाम्होरं माजा धनी गेला, तवा तूच सबूद दिलावतास न्हवं? म्हनलीस, हितं आता कुनी यायचं न्हाई, मोबाईलातनंच समद्यास्नी नसरापूरला वळवीन."

"वळवलं, मावशी. पण त्याच वाटेनं उद्या खरा चोरही शिरला असता. आज ती माझ्याच हातानं बुजवली. आता फाटकाशी बसून येईल त्याला तोंडानंच वळवीन."

तिनं पदर खोचला आणि गाडीत चढली.