शेवंतीचा अंधार

"आई, ओट्यावरचा दिवा मालवू नको वं. माले उशीर व्हई."

आषाढात बापाशी भांडून निघताना कुंदन आईला एवढंच बोलला होता. तेव्हापासून ओट्यावरची ट्यूब दिवेलागणीला लागायची ती उजाडल्यावरच विझायची. त्याचा फोन बंद होता, पण बेबाबाईने एक रात्र चुकवली नाही.

एकवीरा मायला ती नवस बोलली होती. पोरगं दारात येऊ दे, पौषी पुनवेला घरच्या शेवंतीची माळ घालीन. विकतची नाही. त्यासाठी ती एकच वेळ जेवत होती. रोज अंघोळ झाली की पहिला तांब्या ओट्यासमोरच्या वाफ्याला.

दिवाळी सरली. गावभर शेवंती पिवळी झाली. बेबाबाईच्या वाफ्यात मात्र नुसता पाला. कळी एक नाही.

"मायच रुसली माझ्यावर," ती शेजारच्या कोकिळाअक्कांपुढे रडली.

अक्कांनी वाफ्याकडे पाहिलं, मग वर ट्यूबकडे. "माय कसाले रुसी? तूच झोपू देस नही ना या शेवंतीले! तिले रात लागस वं. उजेडमा ती कळी धरत नही. आजपासून दिवा बंद कर, पौषमा माळ होई."

"मग गोणपाटानं झाकते."

"एवढा वाफा? शेंडेच मोडतीन सगळे."

अक्का गेल्या. दिवेलागण झाली. बेबाबाई बटणापाशी उभी राहिली. दिवा लावावा तर माळ नाही. न लावावा तर अंधारं घर पाहून पोरगं फाटकातूनच मागे फिरेल. बटणावरचं बोट ना दबत होतं, ना निघत होतं. "माय," ती पुटपुटली, "दोन्ही त्याच्यासाठीच मागते ना गं!"

मागे खाटेवर तिचा नवरा लोटन बसला होता. त्या भांडणानंतर त्याने पोराचं नाव तोंडातून काढलं नव्हतं.

"लावू नको," तो म्हणाला.

"तुमले काय! तो येई नि अंधार देखीसन परत जाई."

"शिरपूरनी शेवटली गाडी जाईपर्यंत मी फाट्यावर उभा राहसू. रोज."

बेबाबाईने बोट काढलं. लोटनने वहाणा घातल्या, बॅटरी घेतली, ओट्याची पायरी उतरला. थांबला. पुन्हा आत आला. खुंटीवरचा कुंदनचा स्वेटर काढून त्याने झटकला, खांद्यावर टाकला आणि बायकोकडे न बघता फाट्याच्या वाटेला लागला.