नाव बदलून दिल्याचे पेढे

रेल्वे फाटक बंद होतं आणि बासष्ट वर्षांच्या वत्सलाबाईंना बारा वाजता लग्नाला पोचायचं होतं. स्वतःच्याच. ते मोडायला मुलगा हेमंत मागावर होता. धडक होऊ नये म्हणून प्रत्येक गाडी आसपासच्या गाड्यांना सारखं आपलं नाव सांगते. ते नाव पकडत पकडत तो येत होता.

त्यांनी काच खाली केली. "दादा, मला गाडीचं नाव बदलायचंय. एकटीने बदललं तर लगेच कळेल हो."

अंड्यांच्या टेम्पोवाल्याने कारण विचारलं नाही. फाटकावरची रीतच तशी होती. "चला रे, अदलाबदल!" तो ओरडला. ट्रॅक्टर, दुधाचा टँकर, वैकुंठरथ, सगळ्यांनी एकदम नावं बदलली. वत्सलाबाईंचं नाव वैकुंठरथाला गेलं. आतल्या प्रवाशाची काही हरकत नव्हती.

बारा वाजता सह्या झाल्या.

परतताना त्या पेढे घेऊन फाटकावर थांबल्या. आभार कोणाचे मानणार? मघाचं एकही नाव आता मूळ गाडीकडे उरलं नव्हतं. म्हणून जो थांबेल त्याला त्या पेढा देत सुटल्या. चौथ्या गाडीत हेमंत निघाला.

"घे. लग्न झालं माझं."

हेमंतने पुढे केलेला हात मागे घेतला. "आंघोळ राहिलीये. तुझ्या मागे मागे स्मशानात पोचलो, तर लोकांनी खांदा द्यायला लावला."

"कोण होते रे?"

"गणपुले मास्तर. फार चांगले होते म्हणे."

"होतेच," वत्सलाबाईंनी हात जोडले. "आंघोळ करून ये. तुझा पेढा ठेवते."