ओवीच्या पाटीतली गोष्ट

कालिंदीबाई धावत पोहोचेपर्यंत ओवीनं सार्थकच्या कपाळावर पाटी दोनदा आपटली होती. पोराचं तोंड रक्तानं माखलं होतं.

"यानं माझं मांजर विहिरीत टाकलं!" ओवी किंचाळली.

"बाई, तिचं मांजर तर दारात बसलंय," सार्थक हुंदके देत म्हणाला.

मांजर खरंच दारात बसलं होतं. ओवी तिकडे बघायलाच तयार नव्हती.

बाईंनी ओवीच्या हातातल्या पाटीकडे पाहिलं. पोरांनी वाचत राहावं म्हणून शाळेनं दिलेली ही काचेची पाटी वाचणाऱ्याचे डोळे निरखून ज्याची त्याची गोष्ट रचायची. जोडाक्षराला अडणारी ओवी हल्ली धडाधडा वाचायची, म्हणून बाईंनी तिला पालकसभेत मिरवलंही होतं. ती काय वाचते, हे मात्र कधी पाहिलं नव्हतं. रागावली की ही पोर अडखळत नाही, हे पाटीनं बरोबर हेरलं होतं आणि मांजराची गोष्ट रचून तिच्यापुढे ठेवली होती.

बाईंनी पाटी हिसकावली. काचेवरची अक्षरं पुसली गेली, नवी उमटली.

'एक बाई होती. वर्गातली पोरं पाठीमागे तिच्या नकला करायची. सगळ्यांत पुढे सार्थक.'

रडणारा सार्थक त्यांना येऊन बिलगला. पाटीवरची नजर न काढता बाईंनी त्याला कोपरानं ढकललं आणि पुढचं पान उघडलं.