खंडेनवमीची बंदूक

"खंडेनवमीला रिकामी बंदूक पुजू नये, साहेब. दोन काडतुसं भरा, सेफ्टी लावा, काही होत नाही," बंदुकीच्या दुकानातला विक्रेता नव्या गिऱ्हाइकाला सांगत होता. गिऱ्हाइकाची बायको शेजारी उभी राहून मान डोलावत होती.

बाकावर बसलेल्या दौलतरावांची मूठ मांडीवरच्या दुनळी बंदुकीवर घट्ट आवळली. ती विकून एकदाचं मोकळं व्हायला ते आले होते. बोलावं का? नुसतं "भरू नका" म्हटलं, तर विक्रेता हसून विचारणार, का म्हणून? आणि त्याचं उत्तर त्यांनी नऊ वर्षांत कुणालाच दिलं नव्हतं. पोलिसांना नाही, पोटच्या मुलीलाही नाही. आत काडतूस आहे हे ठाऊकच नव्हतं, एवढंच ते सगळ्यांना सांगत आले होते.

विक्रेत्यानं काडतुसांचा खोका पुढे सरकवला.

दौलतराव उठले. दुनळी काउंटरवर ठेवून त्यांनी दस्त्यावरचा सुकलेला लाल ठिपका दाखवला.

"हे कुंकू माझ्या बायकोनं लावलंय. लावता लावता बंदूक पाटावरून घसरली, बार उडाला आणि ती जागीच गेली. सेफ्टी लावलेली होती. काडतुसं मीच भरली होती. पूजेसाठी."

गिऱ्हाइकाच्या बायकोनं खोका मागे ढकलला.

आता मुलीला सांगायचं राहिलं होतं. दर रविवारी तिचा फोन यायचा. दौलतरावांच्या घरी दुसऱ्या कुणाचा फोन येत नसे.