दोन हिरवी कार्डं

फळ्यावर हिरवी मतं दोनशे तेरा, लाल दोनशे सोळा. मतदानाची वेळ संपून वीस मिनिटं झाली होती, तरी निकाल जाहीर करायला सभापती काही हातोडा आपटत नव्हते. दोन लाल मतं हिरवी झाल्याशिवाय ते कसले आपटतायत!

ठराव अमेरिकेच्या सरकारची कर्जमर्यादा वाढवायचा. आणलेला त्यांच्याच पक्षानं, आणि पाडायला बसलेला त्यांच्याच पक्षातला कडवा गट. विरोधी बाकांवरचे सगळे लाल बटण दाबून निवांत मजा बघत होते.

नेल्डा क्राउच त्या कडव्या गटातली. कॅन्ससमध्ये गुरांच्या बाजारात, आठशे माणसांसमोर हात वर करून तिनं सांगितलं होतं, की माझ्या मतानं हे कर्ज एका डॉलरनंही वाढणार नाही. त्या शब्दावर ती निवडून आली, त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. दुपारपासून पक्षाचा प्रतोद दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा म्हणाला, "शेती समितीवरची जागा जाईल हं बाई."

"मग घ्या की काढून," नेल्डा म्हणाली. "शेती मला समितीनं नाही शिकवली."

तिसऱ्यांदा प्रतोद आला नाही. गटाचा म्होरक्या रॉइस गँट आला आणि तिला सभागृहामागच्या खोलीत घेऊन गेला. अठरा वर्षं निवडून येणारा माणूस. आज सकाळीच संसदेच्या पायऱ्यांवर उभा राहून त्यानं छातीठोक सांगितलं होतं, की आम्ही मेलो तरी लालच राहणार. नेल्डा तेव्हा त्याच्या शेजारीच उभी होती, आणि तिला आपल्या गटाचा केवढा अभिमान वाटला होता.

खोलीतल्या काउंटरवरून गँटनं एक हॉटडॉग घेतला, त्यावर भरपूर मोहरीचा सॉस ओतला आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणाला, "आपल्यातला ऑग्डन हिरवा व्हायला तयार झालाय. पण एकटा जाणार नाही म्हणतो. तू जा त्याच्याबरोबर."

"कुठे जाऊ?"

"खाली. हिरवं कार्ड भरायला. आता ठराव पास व्हायला हवा, नेल्डा. नाही झाला तर शुक्रवारी सरकारची तिजोरी रिकामी, आणि तुझ्या गावच्या हवाई तळावरच्या सैनिकांचे पगार थांबतील. परवडेल तुला?"

"अहो, सकाळी तर तुम्ही म्हणालात, काही थांबत नाही, हे सगळं घाबरवायला सांगतात!"

"सकाळी कॅमेरा होता."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"सगळ्यांनाच ठाऊक असतं." गँटनं बोटाची मोहरी चाटली. "मार्चमध्ये पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक आहे, तिथं पक्षातलाच एकजण मला आडवा येतोय. मी हिरवा झालो तर संपलोच."

"आणि मी झाले तर? त्या बाजारात मला कुणी उभं करेल का?"

"तू नवी आहेस गं. इथं सगळं ज्येष्ठतेनं चालतं. बाकं, खोल्या, समित्या, सगळं. नव्यांनी आधी झळ सोसायची. आम्हीही सोसली."

नेल्डानं लाल बटण दाबलं होतं, कारण तिला ते खरं वाटत होतं. ताणून धरलं तर सरकार खर्च कापेल, असं याच माणसानं तिला पटवलं होतं. आणि हा मनातून ठराव पास व्हायची वाट बघत होता! फक्त दुसऱ्या कुणाच्या तरी मतानं. पण शुक्रवार तर खरा होता. ती पोरं, त्यांची घरभाडी, दर रविवारी चर्चमध्ये भेटणाऱ्या त्यांच्या बायका, सगळं खरं होतं.

ती दाराकडे वळली.

सभागृहाच्या मधल्या वाटेनं नेल्डा खाली उतरली तेव्हा गॅलरीतले पत्रकार कठड्यावरून वाकले. वेळ संपल्यावर बटण दाबून मत बदलता येत नाही. सभापतींपुढच्या टेबलावर जाऊन कार्ड भरावं लागतं, त्यावर सही करावी लागते, आणि कारकून बदलणाऱ्याचं नाव मोठ्यानं वाचतो. ऑग्डन टेबलापाशी तिची वाट बघत उभा होता, चेहरा पांढराफटक पडलेला.

"तू बस जाऊन, बाबा," नेल्डा त्याला म्हणाली.

तिनं दोन हिरवी कार्डं उचलली. एकावर झरझर स्वतःचं नाव लिहिलं, सही केली. ते स्वतःकडेच ठेवून, दुसरं तसंच कोरं घेऊन ती पुन्हा वर चढली. गँट दारातून नुकताच आत येत होता. सगळ्या सभागृहादेखत तिनं ते त्याच्यासमोर धरलं, आणि अठरा वर्षं लोकांनी पुढे केलेलं काही ना काही घ्यायची सवय असलेल्या त्या हातानं ते घेतलंही.

"हे काय चालवलंयस?" तो दातओठ खात पुटपुटला.

"दोनच कमी आहेत ना? एक माझं, एक तुमचं. तुमचं नाही, तर माझंही नाही. मग शुक्रवारी सैनिकांना काय सांगायचं, ते पायऱ्यांवर उभं राहून तुम्हीच सांगा. कॅमेरा मी बोलावते."

"हळू बोल, नेल्डा!"

"का हळू बोलू? चला. पेन आहे का, की तेही माझंच देऊ?"

चारशे माणसं माना वळवून बघत होती. गँट एकेक पायरी उतरू लागला. हातातल्या हिरव्या कार्डावर त्याच्या अंगठ्याचा मोहरीचा पिवळा ठसा उमटला होता. टेबलापाशी त्यानं सही केली तेव्हा नेल्डा शेजारीच उभी होती, अगदी सकाळी पायऱ्यांवर उभी होती तशीच.

कारकुनानं दोन्ही कार्डं हातात घेतली आणि माईककडे वाकून थांबला. "आधी कुणाचं नाव वाचू?"

"ज्येष्ठतेनं घ्या," नेल्डा म्हणाली.