मागचं दार

हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये ती राखाडी गाडी दिसताच धोंडिराम टेमगिरे थबकले. चाकणच्या कारखान्यात नऊ वर्षं त्यांनी याच गाडीची दारं बसवली होती, आत पोलादी दांडा असलेली. काचेचं छत, चामड्याच्या सीटा, चिखलातही चारही चाकांना ताकद. खप घटला म्हणून कंपनीनं ती बंद केली, त्याला दहा वर्षं झाली. पण नंतरची एकही गाडी त्यांच्या मनात भरली नव्हती.

मागच्या दाराला मात्र मोठा पोचा आला होता. गाडीची मालकीण येताच त्यांना राहवलं नाही.

"मॅडम, एवढी देखणी गाडी, अन् दार असं ठेवलंय?"

"ट्रकनं धडक दिली होती," त्या म्हणाल्या. "या गाडीचं नवं दार आता मिळत नाही. मिळालं तरी बदलणार नाही. आत माझी लेक बसली होती. तिला साधं खरचटलंही नाही."

धोंडिरामांनी पोच्यावरून हळूच हात फिरवला.

"ही दारं मी बसवायचो, ताई," ते म्हणाले.

 बाईंनी मागे वळून हाक मारली, "मृण्मयी, इकडे ये. या आजोबांना नमस्कार कर."