पाच मिनिटांनंतरचा फोटो

वर्षभर वाट पाहून दिगंबर काळसेकरांनी पाच मिनिटांनंतर काय होणार ते आधीच टिपणारा, खिशात मावणारा नवा कॅमेरा आणला आणि पहिला फोटो बायकोचा काढला. पाच मिनिटांनंतरच्या त्या फोटोत शैलजाताई गाल फुगवून बसल्या होत्या.

"अहो, तुम्ही मला असं काय बोलणार आहात?"

"काहीच नाही!"

"मग मी काय उगाच रुसणार?"

"नेहमी उगाचच रुसतेस!"

फोटो तंतोतंत खरा ठरला. थोड्या वेळाने शैलजाताईंनी कॅमेरा उचलून नवऱ्यावर रोखला, बटण दाबलं आणि पडद्याकडे बघून त्या हसल्या.

"काय दिसतंय?"

"तुम्ही माझी माफी मागताय."

आता यंत्रापुढे कोणाचं काय चालणार! दिगंबररावांनी निमूटपणे माफी मागितली. मग फोटो बघायला कॅमेरा हातात घेतला, तर लेन्सवर मघाशी त्यांनी स्वतःच लावलेलं झाकण तसंच होतं.